पाचवीचा कोरा कागद: नाशिकमधल्या एका रुग्णालयाला खुले पत्र

प्रति,
मा. व्यवस्थापन,
नवजात अतिदक्षता विभाग असलेले नाशिक शहरातील एक खासगी रुग्णालय

विषय: दुसऱ्या मजल्यावरचा नवा फलक आणि त्याआधीचे २९ दिवस

महोदय,

रुग्णालयाचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. हे पत्र आपल्याला आहे, हे दोन परिच्छेदांत आपल्याला कळेलच. नाशिकमधल्या आणखी चार रुग्णालयांना ते आपल्यालाच लिहिलंय असं वाटलं, तरी माझी हरकत नाही.

गेल्या मंगळवारी मुलाला तपासणीसाठी घेऊन आलो होतो. आता आठ महिन्यांचा झालाय. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर उघडली आणि मी सवयीने उजवीकडे वळलो. तिथली बाकडी नव्हती. जिथे आम्ही २९ दिवस काढले तिथे काचेचं पार्टिशन आलंय आणि त्यावर फलक: 'या मजल्यावर नातेवाइकांनी थांबू नये. पूजेचे साहित्य, अंगारा, ताईत, देवाचे फोटो, पोथ्या आणण्यास सक्त मनाई आहे. रुग्णाची माहिती दिवसातून एकदा मोबाइलवर संदेशाद्वारे कळवली जाईल.' खाली 'आदेशावरून'. कोणाच्या आदेशावरून, ते नाही. सुरक्षारक्षकाला विचारलं, तर तो म्हणाला, "लोकांनी फारच देवधर्म मांडला होता साहेब."

त्या 'लोकांत' माझी आई होती. म्हणून हे पत्र.

आधी देणं लागतो ते मान्य करतो. माझा मुलगा ३१व्या आठवड्यात सिन्नरच्या एका नर्सिंग होममध्ये जन्मला. बायकोचं बीपी चढत गेलं, पायांना सूज, डोळ्यांपुढे अंधारी. तिथल्या डॉक्टरबाईंनी वेळ न घालवता सिझर केलं. वजन १ किलो ३८० ग्रॅम. रडला, पण मांजरीच्या पिल्लासारखा, आणि मग कण्हायला लागला. श्वास घेताना बरगड्यांमध्ये खड्डे पडत होते. तासाभरात अॅम्ब्युलन्स पुणे रोडने नाशिककडे निघाली. बायको टाके घातलेल्या अवस्थेत सिन्नरलाच राहिली. तिने बाळाला पाहिलं ते एवढंच: हिरव्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी तिच्या डोळ्यांसमोरून गेलं.

आपल्या डॉक्टरांनी त्याला वाचवलं. सीपॅपवर, म्हणजे नाकातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर ठेवलं, फुप्फुसात औषध सोडलं, चौथ्या दिवशी रक्तात जंतुसंसर्ग झाला तेव्हा अँटिबायोटिक बदललं. मध्येच तो श्वास घ्यायला विसरायचा, तेव्हा रात्री तीन वाजता कोणीतरी त्याच्या तळपायाला टिचकी मारून त्याला आठवण करून दिली. ते हात मी पाहिले नाहीत, पण ते होते म्हणून आज माझ्या मांडीवर बसून तो हे पत्र फाडायला बघतोय. त्या हातांबद्दल माझी एकही तक्रार नाही. माझी तक्रार दाराबद्दल आहे.

पहिल्या रात्रीची एक गोष्ट सांगतो. औषधाच्या एका बाटलीसाठी माझी सही घेतली होती. तिची किंमत माझ्या अंबडच्या कारखान्यातल्या पगाराच्या निम्म्याच्या पुढे होती. औषध कशासाठी, ते कोणी सांगेना. शेवटी एक तरुण डॉक्टर बाहेर आले. खिशातून हातमोजा काढला, फुंकर मारून फुगवला आणि म्हणाले, "नवा फुगा फुगवताना पहिली फुंकर किती जड जाते? एकदा फुगला की पुढची सोपी. आपल्या फुप्फुसात एक पातळ थर असतो, त्यामुळे श्वास सोडल्यावरही ती पूर्ण मिटत नाहीत. दिवस भरायच्या आत आलेल्या बाळात तो थर पुरेसा तयार झालेला नसतो. त्यामुळे याला प्रत्येक श्वास पहिल्या फुंकरीसारखा जड जातोय. हे औषध म्हणजे तो थर." तीन मिनिटं लागली असतील. माझी आई चौथी शिकलेली आहे. तिला ते इतकं नीट कळलं, की दुसऱ्या दिवशी तिने फोनवर माझ्या बहिणीला जसंच्या तसं सांगितलं, फुग्यासकट.

पुढच्या २८ दिवसांत असं परत कोणी बोललं नाही. ते डॉक्टर दुसऱ्या पाळीला गेले असावेत. आम्हाला मिळायचं ते 'स्टेबल', 'क्रिटिकल' किंवा 'वेट अँड वॉच'. दुपारी साडेबाराला दार अर्धं उघडायचं, बाळाच्या आईच्या नावाने पुकारा व्हायचा आणि उभ्या उभ्या शब्द मिळायचा. एक दिवस 'स्टेबल', दुसऱ्या दिवशी 'क्रिटिकल'. मधल्या चोवीस तासांत काय झालं, हे विचारायला तोंड उघडलं की दार बंद.

त्या चोवीस तासांत आई काय करत होती, ते आता सांगतो. आपल्या फलकाचा सगळा रोख तिच्यावर आहे.

आईने पहिल्याच दिवशी सप्तशृंगीला नवस बोलला: बाळ घरी आलं, तर नाशिकपासून वणीच्या गडापर्यंत पायी. वर जायचं तेही फनिक्युलरच्या ट्रॉलीने नाही, पायऱ्यांनी. गुडघे दुखतात म्हणून ती आमच्या घराचा एक जिनाही धड चढत नाही. मी म्हणालो, "आई, ट्रॉलीला देवीची हरकत नसावी." ती म्हणाली, "देवीची नाही, माझी आहे." मधूनच ती रिक्षाने आनंदवल्लीला नवश्या गणपतीला जायची. परत आली, की बाकड्यावर बसून जप. माळ पदराखाली, आवाज नाही. आपल्याला त्याचा त्रास व्हावा असं त्यात काय होतं, मला अजून कळलेलं नाही.

मी स्वतः फारसा देवभोळा नाही. कॉलेजात असताना अंधश्रद्धा निर्मूलनाच्या व्याख्यानांना जायचो. डॉ. दाभोलकरांचा खून झाला त्या २० ऑगस्ट २०१३ ला आम्ही मित्र नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळ नुसते सुन्न उभे होतो. थोरल्या मुलीच्या वेळी आईने पाचवी पुजली, तेव्हा मी हसलो होतो. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: बाळाच्या पाचव्या दिवशी सटवाई येते आणि कपाळावर नशीब लिहून जाते, अशी आपल्याकडे समजूत. तिच्यासाठी पाटा-वरवंटा मांडून पूजा करायची, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची आणि रात्रभर दिवा विझू द्यायचा नाही. काही घरांत हेच सहाव्या दिवशी. मी तेव्हा आईला म्हणालो होतो, "सटवाईला लिहिता येत असेल तर पेन तिने स्वतःचं आणावं."

या वेळी पाचव्या दिवशी सकाळी दार अर्धं उघडलं आणि 'इन्फेक्शन वाढलंय, आज रात्र महत्त्वाची' एवढं सांगून बंद झालं. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "आज पाचवी." मी काही न बोलता खाली उतरलो आणि कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून एक फुलस्केप कागद आणि एक पेन घेऊन आलो. दुकानदाराने विचारलं, "फॉर्म भरायचाय का?" मी हो म्हणालो.

आईने दिवा लावला नाही. आत ऑक्सिजन चालू आहे, हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. गेल्या काही वर्षांतल्या बातम्या तिनेही पाहिल्यात. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली, तो दिवस आमच्या घरात टीव्ही बंद ठेवून काढला होता. विळा नाही, पाटा नाही, नैवेद्य नाही. शेवटच्या बाकड्याखाली वर्तमानपत्राची घडी, तिच्यावर तो कागद, पेन आणि हळद-कुंकवाची पुडी. तेवढंच. वाटेत नव्हतं, कोणाच्या पायाखाली नव्हतं.

रात्री अकराला रक्षकाने ते उचललं आणि आमच्यासमोर कचऱ्याच्या काळ्या पिशवीत टाकलं. वर म्हणाला, "हे मंदिर नाही, आजी." आई काही बोलली नाही. ती बाकड्यावरून उठली, भिंतीला टेकून उभी राहिली आणि सकाळपर्यंत बसली नाही. का, ते मी विचारलं नाही. दिवा जागवायचा असतो. दिवा नव्हता, तर तिने बहुतेक स्वतःला जागवलं.

माझी पहिली तक्रार ही आहे. अंगारा आत नेऊ दिला नाही, याबद्दल माझी तक्रार नाही. तो नेऊ देऊच नये. राख ती राख. ज्याला स्वतःची कातडीही धड आलेली नाही, अशा बाळाच्या काचेच्या पेटीत ती जाता कामा नये. आईने मधाचं बोट लावण्याचंही एकदा विचारलं होतं. सिस्टरांनी ठाम नाही म्हटलं, कारण सांगितलं आणि आईने तो विषय सोडला. घुटी, काजळ, गळ्यातला काळा दोरा, या सगळ्याला बंदी घाला, मी आपल्या बाजूने उभा राहीन. आपल्या राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही हाच फरक करतो. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. पूजा, वारी, भजन, कीर्तन याला त्या कायद्याने हात लावलेला नाही. आम्ही उपचार कुठे अडवला? बाळ तासाभरात आपल्या दाराकडे निघालं होतं, प्रत्येक कागदावर सही होती, प्रत्येक बिल भरलं होतं. बाकड्याखालचा कोरा कागद कोणत्या जंतूचा वाहक होता, ते मला सांगावं.

दुसरी तक्रार सह्यांची. त्याच रात्री माझ्याकडून तीन कागदांवर सह्या घेतल्या. रक्त चढवायला संमती, नळी घालावी लागली तर संमती, तिसरा कसला तो आजही माहीत नाही. तिन्ही इंग्रजीत, बारीक अक्षरात. "पटकन करा, डॉक्टर थांबलेत," असं सांगितल्यावर बाप काय वाचणार? आईने नंतर विचारलं, "काय लिहिलं होतं रे?" म्हटलं, "वाचलं नाही." ती म्हणाली, "मग तुझ्या कागदात नि माझ्या कागदात फरक काय? दोन्हीकडे दुसऱ्यानेच लिहायचं." माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्याकडे असेल तर कळवावं. २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत सुधारणा झाली आणि रुग्णांच्या हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. आपल्याकडे ती आहे. तळमजल्यावर, पाण्याच्या मशीनमागे. मी मशीन थोडं सरकवून वाचली.

तिसरी तक्रार दुधाची आणि बाळाच्या आईची. ही सगळ्यांत मोठी आहे, आणि तिचा देवाधर्माशी संबंध नाही असं आपल्याला वाटेल. मला वाटत नाही.

बायको पाच दिवस सिन्नरला होती. दर तीन तासांनी ती चिकाचं दूध काढायची. सुरुवातीला ते चमचाभरच यायचं. माझा भाऊ बर्फ घातलेल्या थर्मासमधून ते मोटरसायकलवर आणायचा. तीसेक किलोमीटर, पुणे रोडची वाहतूक, द्वारकेचा सिग्नल. दुसऱ्या दिवशी तो दोन वाजता पोहोचला. दूध घ्यायची वेळ एक ते दीड. रक्षकाने घेतलं नाही. "चारला या." चारला सिस्टर म्हणाल्या, "एवढा वेळ झालेलं दूध नको." बरोबरच होतं त्यांचं. भावाने ते वॉश बेसिनमध्ये ओतलं आणि तिथेच उभा राहून रडला. त्याचं लग्नही झालेलं नाही. आशियातली पहिली मानवी दूधपेढी मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आईच्या दुधाचा थेंब कमी दिवसांच्या बाळाला काय देतो, हे या राज्याला तेव्हापासून ठाऊक आहे. आपल्याकडे त्या थेंबाला ऑफिसची वेळ होती.

पाचव्या दिवशी संध्याकाळी बायको टाक्यांसकट रिक्षातून आली. तिला आत पाच मिनिटं मिळाली. हात लावू नका, असं सांगितलं होतं. छातीशी धरायला मिळालं ते सतराव्या दिवशी. का, तर 'बाळ अजून स्टेबल नाही'.

मी कारखान्यात सीएनसी मशीन चालवतो, डॉक्टर नाही. पण बाकड्यावर बसून माणूस मोबाइलवर वाचत बसतो. दिवस कमी भरलेल्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवायची पद्धत कोलंबियातल्या बोगोटामधून आली. १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथे इनक्युबेटर पुरत नव्हते, म्हणून. अडचणीतून निघालेला मार्ग, पण टिकला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारतासह पाच देशांत अभ्यास झाला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. १ ते १.८ किलोच्या दरम्यानची बाळं. बाळ स्थिर होण्याची वाट न बघता जन्मल्यापासूनच त्यांना आईच्या छातीशी ठेवलं. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्या अभ्यासात होतं. त्यासाठी आईची खाट अतिदक्षता विभागाच्या आत घेतली होती. माझा मुलगा १ किलो ३८० ग्रॅमचा होता. बरोबर त्याच वजनातला.

सरकारी रुग्णालयांच्या नवजात कक्षांसाठी केंद्र सरकारने २०१७ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात आईवडिलांना आत घ्या, हात धुवायला शिकवा, दूध पाजायला, छातीशी धरायला, धोक्याची लक्षणं ओळखायला शिकवा, असं आहे. आपण खासगी आहात, त्या सूचना आपल्यावर बंधनकारक नाहीत, हे मला माहीत आहे. पण जे सरकारी दवाखान्यातल्या बाळासाठी चांगलं, ते पैसे भरलेल्या बाळासाठी वाईट कसं? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या अभ्यासात त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले होते. त्या बायकाही देव मानणाऱ्या घरांतल्याच असतील. कोणी त्यांना आधी देव्हारा बंद करा असं सांगितलं नसावं.

आता याचा देवाशी संबंध. माणसाच्या हाताला काम नसलं की तो हात जोडतो. आईला आपण हात धुवायला शिकवून आत घेतलं असतं, बायकोच्या छातीवरचं बाळ धरून बसायला सांगितलं असतं, तर जप ती तरीही करणारच होती. पण बाकड्याखाली पाचवी मांडायची वेळ तिच्यावर आली नसती. आपण आम्हाला शब्द दिला नाही, काम दिलं नाही, बसायला धड जागा दिली नाही. आमच्यापाशी उरलं होतं तेवढं आम्ही मांडलं. आणि आता फलक लावून आपण तेही काढून घेताय.

आमच्या शेजारच्या बाकड्यावर जुन्या नाशकातला एक मुलगा होता, पंचविशीचा असेल. त्याला मुलगी झाली होती, दोन दिवसांची. बाळाच्या उजव्या कानात अजान द्यायची असते, ती राहिली होती आणि तो त्यामुळे हवालदिल होता. एका रात्री ड्यूटीवरच्या सिस्टरांनी त्याला हात कोपरापर्यंत धुवायला लावले, गाऊन दिला, मास्क दिला आणि आत नेलं. दीड मिनिटात तो बाहेर आला. त्यानंतर तीन रात्रींत पहिल्यांदा तो झोपला, बाकड्यावरच, तोंड उघडं टाकून. काय बिघडलं? काहीही नाही. त्या सिस्टर कोण, हे मी लिहिणार नाही. आपण त्यांना मेमो द्याल.

चौथी गोष्ट लिहायला जड जातंय. सुरगाण्याकडचं एक जोडपं होतं. त्यांचं बाळ बाराव्या दिवशी पहाटे गेलं. निरोप फोनवर, खाली पार्किंगमध्ये झोपलेल्या बापाला. बाळ कापडात गुंडाळून हातात दिलं ते लिफ्टच्या समोर. बाराही दिवसांत त्या आईने बाळाला एकदाही धरलेलं नव्हतं. आजीने गोदावरीचं पाणी आणलं होतं लहान बाटलीत, ते ओठांना लावायचं होतं. "आता इथे काही करू नका, खाली जा." खाली गेले. तळमजल्यावर, पाण्याच्या मशीनपाशी, तिने ते लावलं. सनदेच्या पुढ्यात.

मेलेल्या बाळाच्या ओठांना पाणी लावल्याने कोणाला संसर्ग होणार होता?

२०२७ च्या सिंहस्थासाठी या शहरात रस्ते खणले जातायत, घाट होतायत. लाखो लोक श्रद्धेने येणार, त्यांना उभं राहायला जागा पाहिजे, म्हणून सगळी यंत्रणा कामाला लागलीय. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्याच गावात एका म्हातारीला एक फुलस्केप कागद ठेवायला दीड फूट जागा मिळू नये, हे मला पचत नाही.

मागण्या. फार नाहीत.

एक. फलक काढा. दुसरा लावा, त्यावर काय आत आणायचं नाही आणि का, हे मराठीत लिहा. राख, तेल, मध, धागा आत नको, कारण जंतू. आम्ही कारण दिलं तर ऐकणारी माणसं आहोत, आमच्या आईने मधाचं ऐकलं तसं. बाहेर कोणी माळ ओढत असेल तर त्याला ओढू द्या.

दोन. बाकडी परत आणा. नातेवाइकांनी दुसऱ्या मजल्यावर थांबू नये, म्हणजे पार्किंगमध्ये थांबावं, एवढाच त्याचा अर्थ होतो. पार्किंगमध्ये आम्ही थांबलोय, डासांसकट.

तीन. दिवसातून दोनदा, बसून, मराठीत, दहा मिनिटं. मोबाइलवरचा संदेश चालणार नाही. 'स्टेबल' हा शब्द मला रात्री दोनला प्रश्न विचारू देत नाही. फुग्याचं उदाहरण देणाऱ्या त्या डॉक्टरांनी बाकीच्यांना शिकवावं. त्याला यंत्र लागत नाही, हातमोजा लागतो.

चार. संमतीपत्रं मराठीत, आणि सही घेण्याआधी एका माणसाने तोंडी सांगावं. अगदीच तातडी असेल तर नंतर सांगावं, पण सांगावं.

पाच. आईला पहिल्या दिवसापासून आत घ्या. दुसऱ्या गावी अडकली असेल तर तिला इकडे हलवायला मदत करा, निदान तिचं दूध कोणत्याही वेळी घ्या. आई नसेल तर बाप आहे. माझी छातीही गरमच आहे.

सहा. बाळ जाणार असं दिसत असेल, तर नळ्या काढायच्या आधी आईच्या हातात द्या. आणि एक खोली ठेवा, दार लागणारी, जिथे त्या घराला त्यांच्या रीतीने पाच मिनिटं मिळतील, मग ते गोदेचं पाणी असो, कलमा असो वा बायबल.

रक्षकाला दोष देऊन मोकळं होऊ नका. त्याला सांगितलं तेच त्याने केलं. नंतर एकदा त्याने स्वतःहून आईला चहा आणून दिला होता. आईने तो घेतला.

या पत्राची प्रत मी महापालिकेच्या वैद्यकीय विभागाला आणि शहरातल्या बालरोगतज्ज्ञांना देत आहे. माझं नाव आणि मोबाइल नंबर आपल्याकडच्या फाइलमध्ये आहे, तीन सह्यांच्या वर. उत्तर मराठीत यावं.

पुढची तपासणी पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आहे. आई सोबत येणार म्हणतेय. चैत्रात गडावर जाऊन आल्यापासून तिचे गुडघे जास्तच धरलेत, जिना आता चढवत नाही आणि फार वेळ उभंही राहवत नाही. तेव्हा निदान दुसऱ्या मजल्यावर एक खुर्ची असावी.

आपला,
एक बाप,
सिन्नर, जि. नाशिक